घरचं कुणी न्यायला आल्याशिवाय

ऐका. हात चालू ठेवा आन् ऐका. बियाच्या शेंगा हायत, पेरनी तोंडावर आलीया, गोष्टीच्या नादानं पोतं तसंच ऱ्हायलं तर उद्या बोलनी मला बसतील. आन् ए बारक्या, दाना सुपात टाकायचा, तोंडात न्हाई. मी म्हातारी झालीया, आंधळी न्हाई झाले.

मगाशी तुमी इचारलंसा, आक्का, माळावरच्या जुन्या शाळंत भूत हाय ते खरं का? आता दिवसा इचारतासा आन् खिदळतासा, आन् रातच्याला त्या अंगाला तोंड करून उभंबी ऱ्हात न्हाईसा. मला काय ठावं खरं का खोटं. मी डोळ्यानं बघितलं न्हाई. पन केरबानं बघितलं. त्यानं सोताच्या तोंडानं मला सांगितलं, हितंच, ह्याच अंगनात, त्या मेढीला टेकून. सांगताना रडला गडी. एवढा मिशीवाला, वखारीत ओंडकं उचलनारा मानूस, हमसून हमसून रडला. तुमाला वाटंल भुताच्या भ्यानं रडला. न्हाई. ऐका म्हंजे कळंल.

तर केरबा निघाला. कवा निघाला? दिवेलागनीला. हितंच चुकलं बगा, सगळं हितंच चुकलं. निरोप आलता सकाळी, आन् गडी निघाला दिवेलागनीला!

केरबा म्हंजे आपल्या सारजाबाईचा थोरला ल्योक. धाकला म्हादबा. सारजाबाई म्हादबापाशी हितं गावात ऱ्हायाची, मारुतीच्या मागल्या आळीला, आमच्या घराला घर लागून. केरबा तालुक्याला, लाकडाच्या वखारीत कामाला, बायकोपोरं तिकडंच. आन् दोघा भावांचं बोलनं बंद. कशावरनं बंद? बांधावरनं? न्हाई. वाटनीवरनं? न्हाई. फेट्यावरनं!

हसू नका. आपल्याकडं फेट्यापायी घरं मोडल्याती. म्हादबाच्या लेकीचं लगीन होतं. मांडवात मानाचं फेटं बांधायचं. आता पयला फेटा कुनाचा? नवरीच्या थोरल्या चुलत्याचा. हे शेंबड्या पोरालाबी कळतं. पन लग्नाची गडबड, म्हादबाच्या ध्यानात ऱ्हायलं न्हाई, आन् पयला फेटा बांधला कुनाला, तर व्याह्याच्या मेव्हन्याला! झालं. केरबा पंगतीत बसलेला. पानावर भात वाढलेला, वरन यायचं होतं. तसाच उठला. भरल्या पानावरनं उठला. म्हनाला, "ह्या उंबऱ्याला परत पाय लावला तर बापाचं नाव लावनार न्हाई. हितं माझं कुनी न्हाई." आन् चालाय लागला. सारजाबाई त्याच्या मागनं अनवानी पळाली. पार माळापतूर पळाली. "केरबा, आरं चुकलं त्याचं, धाकला हाय तुझा, मी पदर पसरते." मागं वळून बघितलं न्हाई गड्यानं.

मग वरसं गेली. त्या नवरीला पोरं झाली, ती चालाय लागली. दर दिवाळीला सारजाबाई कुना ना कुनाच्या हाती फराळाचा डबा धाडायची. केरबा करंज्या खायाचा, रिकामा डबा माघारी धाडायचा, पन गावाला यायचा न्हाई. रुसवा मनात, पोटात न्हाई! मनाशी एकच गाठ मारून बसला होता, घरचं कुनी न्यायला आल्याबिगर जायाचं न्हाई. म्हादबानं यावं, चल दादा म्हनावं, मग बघू. म्हादबाबी त्याच आईचं दूध प्यालेला. तो म्हनायचा, "मी का जाऊ? तो उठून गेला, त्यानं यावं." दोघांच्या मधी म्हातारी वाळत चालली.

तर त्या दिवशी सकाळी यष्टीचा कंडक्टर वखारीत आला. म्हनाला, "केरबा, तुझ्या आईचं काई खरं न्हाई. अन्न सुटलंय. तुझंच नाव घेतीया. म्हंती, थोरल्याच्या हातचं पानी तोंडात पडू दे, मग मी सुटले. म्हादबानं सांगितलंय, असशील तसा ये."

आपल्यात कसं असतंय, जानाऱ्या मानसाच्या तोंडात लेकानं तुळशीचं पान ठिवायचं, घोटभर पानी घालायचं. त्याच्यासाठीच तर ल्योक मागत्यात बाया देवापाशी. आता शाना मानूस काय करंल? पायात वहाना घालंल आन् सुटंल. आन् ह्या शहान्यानं काय इचारलं? "म्हादबा सोता का न्हाई आला?"

अरं कर्मा! आई जायाला लागलीया, आन् ह्याला मान पायजे!

कंडक्टर म्हनाला, "बाबा, तो आईच्या उशाला बसलाय. तिला टाकून कसा यील?"

"मग बसू दे," म्हनाला केरबा. आन् लाकडं रचाय लागला.

दुपारची गाडी गेली. केरबा लाकडं रचतोय. तिसऱ्या पारची गाडी गेली. केरबा लाकडं रचतोय. बायको आली त्याची, अनुसया. लई बोलली. "आई तुमची हाय का शेजाऱ्याची? फेटा काय सरनावर न्यायचा हाय तुमाला?" तरी हलला न्हाई. मागनं मला म्हनाला, आक्का, पाय म्हनायचं जा, आन् मान म्हनायची थांब, कुनीतरी यील. दिवं लागलं, तवा मातर हातातला ओंडका तसाच टाकला आन् पळाला. शेवटची गाडी सुटलीती, तिच्या मागं पळून दाराला लोंबकाळला.

ती गाडी करंजफाट्यापतूर. तिथनं पुढं चालत. आन् चालत म्हंजे माळावरनं, शाळंच्या म्होरनं. दुसरी वाटच न्हवती तवा.

आता शाळंचं ऐका. ती शाळा बांधली संस्थानच्या राजानं, माझ्या आजेसासूच्या वक्ताला. काळा दगड, कमानी, वर कौलं. आपलं गाव, वरची वाडी आन् करंजगाव, तिन्ही गावांला मिळून एक शाळा. कुना एका गावात बांधली असती तर बाकीची दोन रुसली असती, म्हनून मधी माळावर बांधली. रुसव्याची खोड आपली आजची न्हाई! पन माळावर तवा लांडगं लई. शेरडं न्यायची, एखाद्या वक्ती पोरबी न्यायची. म्हनून नियमच होता. सांजच्याला घरचं कुनी न्यायला आल्याबिगर पोर सोडायचं न्हाई. मास्तर कंदील घिऊन पायरीवर उभा ऱ्हायचा. एकेक पोर म्होरं करायचा. "कुणाचा रे तू? न्यायला कोण आलंय?" पोराचा हात घरच्याच्या हातात द्यायचा, आन् मगच दुसऱ्या पोराला हाक.

नारोपंत मास्तर त्याचं नाव. देवमानूस म्हनायची समदी.

मग गाठीची साथ आली. पिलेग. घरात उंदीर मरून पडला की घर सोडायचं, रानात खोपी घालून ऱ्हायाचं, अशी तवाची रीत. एका दुपारी आपल्या गावात उंदीर पडलं, आन् सांजच्या आत गाव उठलं. कुनी बोचकी बांधतंय, कुनी म्हाताऱ्याला पाठंगळी घेतंय, नुसता कालवा. दोघं-तिघं शाळंकडं पळाली. आपली पोरं घेतली, शेजाऱ्याची घेतली. एक ऱ्हायलं. भिका नावाचं. त्याच्या बापाला वाटलं मामानं आनलं, मामाला वाटलं बापानं आनलं. आता कुनाला बोल लावायचा सांगा.

मास्तर पोराला घिऊन पायरीवर थांबला. अंधार पडला. तिकडं त्याची सोताची बायको तापानं फनफनलेली. पोरगं म्हनालं, "मास्तर, गाव हितनं दिसतंय, मी जातो पळत." आन् मास्तरनं सोडलं. उभ्या जल्मात एकदाच सोडलं.

भिका घरी आला, तर घराला कुलूप. गावात मानूस न्हाई, दिवा न्हाई, कुत्रं न्हाई. पोर उंबऱ्यावर बसलं, कुनी तरी यील म्हनून. दोन दिसांनी कुनाच्या तरी ध्यानात आलं, तवा पोरात जीव होता पन बोली न्हवती. रानात न्हेईपतूर गेलं.

मास्तरला समदी म्हनाली, तुमची काय चूक? मास्तर तडक निघाला. शाळंच्या पायरीवर जाऊन बसला तो परत उठलाच न्हाई. अन्न न्हाई, पानी न्हाई, तिथंच गेला. आन् तवापासनं रातच्याला माळावर एकटा मानूस दिसला की मास्तर त्याला ठिवून घेतो. मारायला न्हाई रं बाबांनो, जपायला! पन मेलेल्याचं जपनं ते. त्यातनं जित्ता मानूस सुटत न्हाई. वरच्या वाडीचा एक धनगर असाच गेला. सकाळी शाळंच्या ओसरीवर बसलेला घावला, घोंगडं गुंडाळून, शाळकरी पोरावानी मांडी घालून. अंग गार.

काय गं, सरकून बसलीस? बस बस. अजून तर केरबा फाट्यावरच हाय.

तर केरबा उतरला. अवस जवळ आलेली, डोळ्यात बोट घातलं तरी दिसू नये असा अंधार. गडी झपाझपा निघाला. मास्तरची गोष्ट त्यालाबी ठावं होती की, लहानपनी सारजाबाईच सांगायची. पन त्याच्या डोक्यात भूत न्हवतं. एकच होतं, पोचतो का न्हाई. आई, थांब. आई, आलो बग. घोटभर पान्यापुरती थांब.

माळ चढला. आन् टन्न! घंटा!

कसली घंटा? शाळा कवाच बंद पडलीती, घंटा काढून गावातल्या नव्या शाळंत न्हेलीती. केरबा म्हनाला, देवळातली असंल. पन गाव म्होरं, आन् घंटा वाजली उजव्या अंगाला. परत टन्न! त्यानं पाय उचलला. मागं कुनीतरी पाय उचलला. हा थांबला, ते थांबलं. हा चालला, ते चाललं. चप्पल वाजती तसं, चटाक चटाक. केरबानं मागं बघितलं न्हाई. बिडी काढली, काडी ओढली. काडी इझली. दुसरी ओढली. तीबी इझली, आन् कानाशी कुनी हळूच म्हनालं, "शाळेपाशी विडी ओढतात का रे?"

आगं बाई! केरबा जो पळाला! पळता पळता शाळा आली. खिडक्यांत उजेड. आन् आतनं पाढं. बे एके बे, बे दुणे चार. पोरांचा आवाज न्हवं बरं का. मोठ्या मानसांचा. घोगरा, थकलेला. बे त्रिक सहा.

केरबानं कानावर हात ठिवलं, शाळा मागं टाकली. म्होरं ओढा, ओढा वलांडला की गाव. पळाला, पळाला. ओढा काई येईना. आन् म्होरं बघतो तर शाळा! चकवाच तो. परत वळसा घातला, डोळं मिटून पळाला, देवाचं नाव घेतलं. डोळं उघडलं तर शाळा. ह्या खेपेला दार उघडं, आन् पायरीवर कंदील घिऊन मास्तर उभा.

काळा कोट, डोईला पागोटं. चेहरा म्हनं दिसत न्हवता. नुसता आवाज, आन् आवाज एवढा मायेचा, की भ्या वाटायच्या आदी रडूच यावं.

"कुणाचा रे तू?"

आन् केरबानं उत्तर दिलं. द्यायचं नसतं, पन दिलं. "सारजाबाईचा."

"इतक्या अंधाराचा एकटा कुठे निघालास? ये, आत ये. घरचं कुणी आलं की जा."

पाय आपोआप आत गेलं. आत तरटावर मानसं बसलेली, वळीनं. घोंगडंवाला धनगर. एक बाई मांडीवर बोचकं घिऊन. आनखी कोन कोन. समदी पोरांवानी मांडी घालून, माना खाली. केरबा धनगराला हळूच म्हनाला, "पावनं, हितनं जायाचं कसं?" धनगरानं वर बघितलं न्हाई. म्हनाला, "आमचं कुनी आलं न्हाई अजून."

केरबाचा हात घाबरून मिशीकडं गेला. मिशी न्हाई! गालाला हात लावला, गाल मऊ. हाताकडं बघितलं, लाकडं उचलून रापलेला हात, तो बारका झालेला. सदऱ्याच्या बाह्या बोटांखाली लोंबाय लागल्या. वराडायला गेला, तर नरड्यातनं पोराचा आवाज आला.

"मास्तर, मला सोडा. माझी आई वाट बघतीया."

मास्तर त्याच्या डोक्यावरनं हात फिरवत म्हनाला, "सगळ्यांच्याच आया वाट बघत असतात, बाळ. म्हणून तर सोडत नाही. तुला न्यायला कोण येतंय, ते सांग."

आन् केरबाच्या तोंडात काय आलं असंल? जे मांडवात बोलला होता तेच. "माझं कुनी न्हाई."

"कुणी नाही? मग बस हो. बस इथंच."

आन् मास्तरनं दाराची एक फळी लोटली. केरबा सांगायचा, आक्का, ती फळी लोटली तवा मला पयल्यांदा कळलं मी काय बोलत आलोय एवढी वरसं ते. बाहेर आई जातीया, आन् मी तिच्यापासनं हाकंच्या अंतरावर मांडी घालून बसलोय. पानी कोन घालनार तिला? दुसरी फळी लोटायला मास्तरनं हात घातला. आन् केरबा हंबरडा फोडून वरडला, "हाय! माझा भाऊ हाय!"

"नाव काय भावाचं?"

नाव! एवढी वरसं जे नाव घेतलं न्हाई, बायकोनं घेतलं तर ताटावरनं उठायचा, ते नाव. जिभंला गाठच बसलेली. ओढून ओढून काढलं.

"म्हादबा."

मास्तरनं कंदील उचलला. पायरीवर गेला. आन् गावाकडं तोंड करून हाक मारली. "म्हादबा! तुझ्या भावाला न्यायला कुणी येतंय का रे?"

आता हिकडचं ऐका. हे माझ्या सासूनं डोळ्यानं बघितलंय, ती सारजाबाईच्या पायाशी बसलीती. मी नवी नवरी, मला मागं चुलीपाशी बसवलेलं. म्हातारीचं डोळं मिटल्यालं. म्हादबाच्या हातात पान्याचा गडवा, गडव्यात तुळशीचं पान. आन् एकदम म्हातारीनं डोळं उघडलं.

"म्हादबा, मास्तर हाक मारतोय. केरबाला शाळंत ठिवून घेतलंय. जा."

कुनालाच काई ऐकू आलं न्हवतं. सासू म्हनाली, वातात बोलतीया. म्हादबा म्हनाला, "आई, तुला टाकून कसा जाऊ? पानी घालायला तरी कुनी पायजे का न्हाई?"

म्हातारी म्हनाली, "माझं पानी ऱ्हाऊ दे. माझं लेकरू अंधारात बसलंय. जा म्हंते ना!"

म्हादबा उठंना. रागानं न्हवं, तिच्या तोंडाकडं बघून उठंना. त्याला दिसत होतं की आता थोडाच येळ हाय. गेलो तर ही जानार. मग तिनं त्याचा हात सोताच्या हातातनं सोडवला. अंगात ताकद कुठनं आली देव जाने. गडवा माझ्या सासूच्या हातात देऊन म्हादबा उठला, कंदील घेतला आन् पळाला.

माळावर पोचला तर शाळंला दिवं. तरी पायरीपाशी गेला.

"कोण तू?" मास्तर.

"म्हादबा."

"कुणाला न्यायला आलास?"

"माझ्या दादाला."

मास्तर म्हनाला, "तो तर म्हणत होता, त्याचं कुणीच नाही."

आन् म्हादबा काय म्हनाला ठावं हाय? म्हनाला, "तो रुसलाय, मास्तर. रुसलेला मानूस काईबी बोलतो. पन तो आमचा हाय. माझीच चूक झाली, मी आदीच न्यायला यायाला पायजे होतं. द्या त्याला."

मास्तरनं कंदील वर धरून म्हादबाचं तोंड बघितलं. मग आत आला, केरबाचा हात धरून त्याला उठवलं, आन् तो हात म्हादबाच्या हातात दिला. "जपून ने. वाटेत हात सोडू नको."

हातात हात पडला, आन् केरबाचं अंग परत जड झालं. मिशी आली, दम आला. निघालं दोघं. आन् मागनं आवाज उठलं. काय काय आवाज! तो धनगर वराडतोय, "वरच्या वाडीला सांगा वं, मी हितं हाय!" ती बाई रडतीया, "माझ्या घरी निरोप द्या, मला न्यायला या म्हनावं!" कुनीतरी केरबाच्या सदऱ्याला धरलं, मागं वढलं. सदरा फाटला. केरबा वळायला लागला. त्याला कीव आली हो! म्हादबानं हात असा आवळला की नखं रुतली. "दादा, मागं बघू नगंस." आन् त्या गलक्यातनं मास्तरचा आवाज, "हात सोडू नका रे! हात सोडू नका!" तो एकटाच त्यांच्या बाजूनं वरडत होता. कुनी मास्तरला वाईट म्हनलं की मला सोसत न्हाई ते ह्याच्यामुळं.

पळाली दोघं. ओढा आला. ह्या खेपेला आला. पान्यात पाय पडलं आन् मागचं समदं गप झालं. गावातली कुत्री भुकाय लागली. केरबा म्हनाला, कुत्र्यांचा आवाज एवढा गोड मला कवा लागला न्हवता. दोघंबी ओढ्याच्या काठाला बसली, धापा टाकत. म्हादबा हासला. केरबाबी हासला. लहानपनी करायची तसं एकमेकांच्या पाठीत गुद्दं घातलं. घटकाभरच. मग म्हादबाला आठवलं. "दादा, आई!"

आळीला वळली आन् बायांचा रडायचा आवाज आला.

सासू दारातच होती. गडवा हातात. म्हनाली, "आत्ता गेली रं. आत्ताच. लई वाट बघितली. मीच पानी घातलं. काय करू?"

दोन ल्योक. दोन्ही मोठं, धडधाकट. आन् सारजाबाईच्या तोंडात पानी घातलं शेजारनीनं.

केरबानं काई ऐकलं न्हाई. सासूच्या हातातनं गडवा वढून घेतला. आत गेला, आईचं डोकं मांडीवर घेतलं. "आई, आलोय बग. पी. माझ्या हातचं पी." मी चुलीपासनं बघत होते. त्यानं पानी घातलं. पानी आत गेलं न्हाई. गालावरनं वघळून उशीवर गेलं. त्यानं परत घातलं. परत वघळलं. गडवा रिकामा होईस्तवर घालत होता. आमी कुनी त्याला थांबवलं न्हाई. थांबवायला तोंड कुनाला होतं?

पुढं दोघं भाऊ एक झालं. येनंजानं सुरू झालं, सनावाराला एका पानावर जेवली. म्हादबा त्या रातीबद्दल उभ्या जल्मात एक शब्द बोलला न्हाई. तुझ्यापायी माझंबी पानी हुकलं, असं कवा म्हनाला न्हाई. केरबा मला म्हनायचा, "आक्का, त्यानं चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं." मी म्हनलं, "जाऊ दे केरबा, मास्तरनं अडवलं, तू काय करनार?" तर म्हनाला, "मास्तरला कशाला बोल लावू? त्यानं घटकाभर बसवलं. सकाळपासनं वखारीत मला कुनी बसवलंतं?" आन् मग तो रडला. मी मगाशी सांगितलं न्हवं का, ते रडनं हेच.

म्हनून सांगते. त्या वाटंनं अंधार पडल्यावर पाऊल टाकू नका. आता डांबरी झालीया, दिवं लागल्याती, तरी टाकू नका. मास्तर अजून पायरीवर हाय, आन् पत्येकाला म्हादबासारखा भाऊ नसतो. घरचा निरोप आला की उजेडी उठायचं आन् निघायचं. कुनी दिला, कसा दिला, कोन न्यायला आलं, कोन न्हाई आलं, हे बघत बसायचं न्हाई.

चला, उठा. सुपातलं दानं पोत्यात भरा, टरफलं सकाळी काढू. आन् ज्याची आई दुसऱ्या गावाला हाय, त्यानं उद्या पयली गाडी धरा.